दोन लेकरांची गाडी

आमच्या सुनेचा थोरला दोन वर्षांचा, धाकटी चार महिन्यांची. एक कडेवर, एक हाताशी. दवाखान्याच्या फेऱ्यांत तिची कंबर धरली. तेव्हा मीच म्हटलं, जोड बाबागाडी घेऊ. गाव हसलं तर हसू दे.

दुकानात दोन तऱ्हा होत्या. सुतळीनं दाराचं माप नेलं होतं. शेजारी-शेजारी बसायची गाडी त्यात मावेना. मागे-पुढे बसायची अरुंद, पण लांब, वळवायला जड. तरी तीच घेतली. धाकटीला अजून बसता येत नाही, म्हणून तिची बैठक सपाट होणारी पाहिली. चाकं मोठी निवडली. लहान चाकं आमच्या खडीच्या रस्त्यात अडकतात. ब्रेक, पट्टे स्वतः लावून पाहिले. रंग शेवटी.

सासूबाईंनो, नातवंडांचं कौतुक आपण करतोच. त्यांना वाहणाऱ्या आईच्या कंबरेचीही काळजी घरानंच घ्यायची असते.