अप्पांचा पत्रा

आमच्या अप्पांचं सगळं आयुष्य बेळगावच्या फौंड्रीत पॅटर्न करण्यात गेलं. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. 2006 साली त्यांची नजर आमच्या जुन्या मारुती 800 वर पडली.

"वितळलेल्या लोखंडाला वाट नीट द्यावी लागते, तशी वाऱ्यालाही द्यायला पाहिजे की! निम्मं पेट्रोल वाऱ्याशी भांडण्यात जातंय."

उद्यमबागेतून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आला. चाकांवर सपाट झाकणं बसली, बंपरखाली पत्रा लागला, समोरची जाळी अर्धी बंद झाली. गल्लीतली पोरं हसली. अप्पांनी मात्र वही घातली. टाकी काठोकाठ भरून निपाणीला जायचं, परत येऊन त्याच पंपावर पुन्हा भरायची. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर. लिटरला 16 चे 18 झाले! अप्पांनी तो आकडा लाल शाईनं लिहिला.

मी विज्ञानाचा मास्तर. मला राहवेना. टाकी अर्धा लिटर कमीजास्त भरली गेली तरी एवढ्या अंतरात लिटरमागे एक किलोमीटरचा फरक दिसतो. शिवाय एरवी मी 80 नं गाडी हाकणारा; अप्पा शेजारी बसले की काटा 60 च्या वर जाऊ देत नसत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. 60 चे 80 केले की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो.

अप्पा आत्याकडे गडहिंग्लजला गेले, तेव्हा मी गुपचूप सगळे पत्रे उतरवले आणि 60 नंच निपाणी करून आलो. 17.7. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. 17.9. पत्रे होते तसे बसवले आणि गप्प राहिलो. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला मोडा?

पुढं मे महिन्यात निपाणीहून परतताना तवंदी घाटात उष्णतेचा काटा वर चढला. गाडी कडेला घेतली. इंजिनाला वाराच मिळत नव्हता. अप्पांनी स्वतःच जाळीवरचा पत्रा ओढून काढला. तिथंच मी त्यांना सगळं सांगितलं.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पॅटर्न चुकला असेल तर ओतायच्या आधी सांगायचं असतं रे. मी दोन महिने गावभर सांगत फिरलो."

मला मान वर करवेना. मी ज्याला माया समजत होतो, तिनं त्यांना गावात खोटं पाडलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. माझे दोन्ही आकडे मला लिहायला लावले, तेही लाल शाईनंच. खाली स्वतःच्या हातानं लिहिलं : वेग 60.

"रविवारी सगळे पत्रे काढ," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा दोघं मिळून मोजूया."