पाणी कमी घाल!

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर एक कॅक्टस होता. टीममधल्या मैत्रिणीनं बर्थडेला दिलेला. पांढरी कुंडी, त्यात अंगठ्याएवढं रोप. "लो मेंटेनन्स आहे, तुलाही जमेल," हा वर शेरा. मी आपला रोज सकाळी माझ्या कॉफीबरोबर त्यालाही पाणी पाजायचो. दोन महिन्यांत बिचारा बुडातून सडला.

गावी फोन करून अण्णांना सांगितलं, तर ते खो खो हसले. कारण त्यांनीही हाच उद्योग केला होता. फरक एवढाच, की त्यांनी शंभर मारले होते!

आमचं गाव अहमदपूर आणि कंधारच्या मधे. निम्मे सोयरे लातूर जिल्ह्यात, निम्मे नांदेडात. सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी आणि बाकी आभाळाकडं बघणं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पुण्यात ऑफिसात सगळे विचारायचे, "खरंच एवढं वाईट आहे का रे?" मी मान हलवायचो. त्याच महिन्यात अण्णांनी गाय विकली. मला सांगितलंच नाही. आठवड्यानं आईकडून कळलं. माझ्या पगारात तशी गाय परत घेता आली असती हो, पण तिला खायला काय घालणार?

मग एका रात्री नेटवर बिनकाट्याचा निवडुंग सापडला. उरुळी कांचनची बाएफ संस्था चारा म्हणून तो वाढवते, हे वाचलं आणि मला एकदम जोर चढला. बांधावरच्या आपल्या फड्या निवडुंगाचाच हा भाऊबंद, मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी करतात, फळं चवीनं खातात. त्यांच्या झेंड्यावरचा गरुडसुद्धा निवडुंगावरच बसलाय. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात तो जनावरांसाठी मुद्दाम लावतात.

आणि गडी आहे नाईट शिफ्टवाला! बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, त्यामुळं उन्हात त्यांचं पाणी उडून जातं. हा दिवसा दारं लावून बसतो आणि रात्री गारव्यात हवा आत घेतो. म्हणून थोडक्या पाण्यावर तगतो.

अण्णांचं उत्तर तयार होतं. "आरं, निवडुंग लोक उपटून फेकतेत. आपण लावायचा? गाव हसंल." तरी २०१७ च्या पावसाळ्यात मी शंभर फडे घेऊन गेलोच. अण्णांनी ते घराजवळच्या काळ्या रानात लावले. पीक म्हटलं की चांगली जमीन आणि पाणी, हा त्यांचा जन्माचा हिशेब. काळ्या मातीत पाणी साचलं, फडे कुजले. गाव हसलंच.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, अण्णांनी स्वतःच फोन केला. "अजून भेटतेत का रं ते फडे?" या वेळी कापलेले फडे पंधरा दिवस सावलीत ठेवले, जखम वाळू दिली आणि माळावरच्या मुरमाड उतारावर उभे रोवले. अधूनमधून तांब्याभर पाणी. बस्स.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन गावी अडकलो. मे महिन्यात सगळं रान करपलेलं आणि तो एवढा उतार हिरवागार! मीटिंग संपली, की मी विळा घेऊन माळावर. फडे बारीक चिरायचे, कडब्याच्या कुट्टीत मिसळायचे, वर थोडी पेंड. नुसता निवडुंग घातला तर जनावराला हगवण लागते, कारण त्यात बहुतेक पाणीच. पण उन्हाळ्यात तेच तर हवं असतं. नव्या गाईनं पहिल्या दिवशी नुसतं हुंगलं. चौथ्या दिवशी गव्हाण चाटूनपुसून साफ. आता ती हौदावर पाणीही कमी प्यायची.

एवढ्यानं मराठवाड्याचा दुष्काळ हटणार नाही, हे मलाही कळतं. सोयाबीन सोडून कुणी निवडुंग लावावा, असंही मी म्हणत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारनंही पडीक जमिनीसाठी त्याचा विचार सुरू केला, तेव्हा अण्णांनी बातमीचं कात्रण जपून ठेवलं आणि हसणाऱ्यांना दाखवलं. आमच्यापुरतं सांगायचं, तर त्यानंतर उन्हाळ्यात गाय विकावी लागली नाही.

परवा पुण्याला परतताना अण्णांनी पिशवीत एक फडा घातला. "डेस्कावर ठेव. आन् पाणी कमी घाल!"