पत्र्यावरच्या सुरकुत्या

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण दिवस असतानाच होतं. ताटं उचलली, ओटा पुसला, की पुढे झोपेपर्यंत तीन-साडेतीन तास मोकळे. घरात माणसं होती तोवर हे तास कुठे जायचे ते कळायचंसुद्धा नाही. मुलगा पुण्याला गेला, हे रिटायर झाले, सासूबाईंची नजर गेली, आणि काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरातली संध्याकाळ एकदम लांबलचक झाली.

ह्यांनी त्यावर उपाय शोधला तो प्लास्टिकच्या विमानांचा. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मी सुरुवातीला कौतुक केलं. मग एकाची दोन, दोनाची नऊ झाली. देवघराच्या वरच्या फळीवरही एक येऊन बसलं, तेव्हा मात्र मी म्हटलं, "अहो, अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकून आलात ना सकाळी?" ते हसले आणि विमान उचलून कपाटावर ठेवलं. ब्रशवरूनही आमचं एकदा झालंच. चांगले ब्रश जनावराच्या केसांचे असतात, हे मला कळल्यावर मी ते घरात राहू दिले नाहीत. आता नायलॉनचे वापरतात.

गेल्या दिवाळीत मुलाने एअरफिक्स कंपनीचा डकोटाचा सेट पाठवला. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढा. पंख पसरले की साधारण चाळीस सेंटीमीटर. महिनाभर ह्यांनी तो जोडला. एक सांधा दिसेल तर शपथ! रंग देणार, त्याच्या आदल्या दिवशी मी खोलीत गेले, तर हे हातात डॉक्टरी ब्लेड घेऊन त्या गुळगुळीत विमानाची कूस खरवडत बसलेले.

"अहो, वेड लागलंय का? एवढं छान झालं होतं!"

"सुरकुत्या पाडतोय," मान वर न करता ते म्हणाले.

मला रागच आला. चादरीची सुरकुती काढ, इस्त्रीत शर्टाची काढ, पुरणपोळीच्या कडेची बोटाने दाबून काढ. बाईमाणसाचा अर्धा जन्म सुरकुत्या काढण्यात जातो, आणि हा माणूस मुद्दाम पाडत बसलाय!

पण त्यामागे कारण होतं. दुपारी मी झोपले असताना ह्यांनी ते विमान आईंच्या हातात दिलं होतं. सासूबाई आता नव्वदीला टेकल्यात. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून बोलणंही कमी कमी होत गेलेलं. हो, नको, पाणी दे, एवढंच. त्यांनी म्हणे विमानावरून सावकाश बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "हे तुझ्या वडलांचं विमान नाही रे. हे तर तांब्यासारखं गुळगुळीत आहे."

त्या आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

माझे सासरे, मामंजी, बेगमपेटच्या विमानतळावर डेक्कन एअरवेजमध्ये पत्रेकाम करायचे. आजच्या मुलांना हे नावही माहीत नसेल. निजामाच्या सरकारने टाटांच्या विमान कंपनीबरोबर १९४५ मध्ये ही कंपनी काढली, १९४६ पासून तिची विमानं उडू लागली, आणि ती होती डकोटा. महायुद्ध संपल्यावर सैन्याकडची शेकड्यांनी डकोटा उरली होती, ती देशोदेशीच्या कंपन्यांनी घेतली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, त्यात डेक्कन एअरवेजही गेली. बेगमपेटवरून प्रवासी विमानं २००८ पर्यंत सुटत होती. मग सगळं शमशाबादला गेलं. मामंजी त्याच्या कितीतरी आधी गेले.

त्यांचं काम म्हणजे फाटलेला, चेपलेला पत्रा काढायचा, नवा बसवायचा, रिव्हेट ठोकायचे. विमानाच्या आत फासळ्या असतात, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या असतात, आणि वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. हा पत्रा नुसतं पांघरूण नसतो, तोही भार उचलतो. जाडी किती, तर जेमतेम मिलिमीटरच्या आसपास. विमानाचं, माणसांचं, सामानाचं वजन त्याच्यावर आलं की दोन फासळ्यांमधला पत्रा किंचित फुगतो, दबतो, तिरक्या वळ्या पडतात.

"तिरक्याच का?" मी विचारलं. राग थोडा उतरला होता.

ह्यांनी मला उठवलं आणि पलंगावरची चादर काढली. "धर दोन कोपरे." आम्ही चादर घडी घालताना धरतो तशी ताणून धरली. मग ते म्हणाले, "आता तुझा उजवा हात खाली घे, मी माझा उजवा वर घेतो." चादरीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या घड्या उभ्या राहिल्या. अगदी सरळ, एकामागे एक. चाळीस वर्षं मी चादरी घडी घालते आहे, पण ओढ ज्या दिशेला असते, घडी त्याच दिशेला पडते, हे कधी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी मला वाग्नर सांगितला. हर्बर्ट वाग्नर नावाचा ऑस्ट्रियन इंजिनिअर होता. पूर्वी असं धरून चालत, की पत्र्याला सुरकुती पडली म्हणजे तो कामातून गेला. म्हणून पत्रा जाड घ्या, टेके वाढवा, आणि विमान जड करा. १९२९ मध्ये वाग्नरने मांडून दाखवलं, की पातळ पत्र्याला सुरकुत्या पडल्या तरी तो मोडत नाही. दाब सोसायचं त्याला जमत नाही, पण सुरकुतीच्या रेघेत तो दोरीसारखा ताण धरतो आणि भार पुढे नेतो. फासळ्यांनी त्याला साथ द्यायची, एवढंच. हलकी विमानं उभी राहिली, त्यात ह्या विचाराचा मोठा वाटा आहे. अमेरिकेचं बी-५२ नावाचं अजस्र बॉम्बर आहे. त्याचं नाव आपल्या तोंडी कशाला, पण जमिनीवर उभं असलं की त्याच्या कुशीवर लांबून दिसतील अशा सुरकुत्या असतात, आणि हवेत गेलं की त्यातल्या पुष्कळशा निघून जातात. तिथे पंख त्याला उचलून धरतात, अंगातली ओढ बदलते.

मी खाली बसले आणि बघायला लागले.

पहिल्यांदा ह्यांनी सोपा मार्ग धरला होता. माझ्या स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद कापून प्लास्टिकवर चिकटवला आणि खालून-वरून दाबून वळ्या आणल्या. आईंनी हात लावला मात्र आणि झटक्यात मागे घेतला. "वर्ख लावलास काय रे?" चारमिनारजवळच्या गल्ल्यांत वर्ख कुटणाऱ्यांच्या हातोड्यांचा ठेका त्यांनी उभ्या जन्मात ऐकला. चांदी चामड्याच्या वहीत घालून कुटतात, म्हणून आमच्याकडे वर्खाची मिठाई दाराच्या आतही येत नाही. कागद निघाला. शिवाय तो चुरगळल्यासारखा दिसत होता, ताणल्यासारखा नव्हे.

मग ही ब्लेडची रीत. आधी मऊ पेन्सिलने फासळ्यांच्या आणि पट्ट्यांच्या रेघा आखायच्या, म्हणजे विमानाच्या अंगावर चौकटी तयार होतात. मग गोल टोकाचं ब्लेड उभं धरून एकेका चौकटीत हलकेच खरवडायचं. कापायचं नाही, नुसतं खरवडायचं, गाजराची साल काढतो त्याहूनही हलकं. फासळीची रेघ तशीच उंच राहू द्यायची, मधला भाग उथळ करायचा, आणि त्यात तिरकी वळी ठेवायची. वरून काही लावायचं नाही. आजूबाजूचं झडून गेलं की जी उरते ती सुरकुती. मला निर्जरा आठवली. मी तसं म्हटलं, तर हे म्हणाले, "मग माझी रोज दोन तास निर्जराच चाललीय."

नंतर वॉटर पेपर पाणी लावून फिरवायचा, आधी चारशे नंबरचा, मग आठशे, मग बाराशे. ब्लेडचा एकही ओरखडा राहता कामा नये. खोली किती, तर दिसेल-न दिसेल एवढी. हिशेबाने बघितलं तर एक मिलिमीटरचा पत्रा बहात्तर पटींनी लहान केला की केसापेक्षाही पातळ होतो. उलट प्लास्टिकची एक मिलिमीटरची भिंत खऱ्या विमानात सात सेंटीमीटर जाड झाली असती! म्हणून सुरकुती जरा जास्त खोल गेली, की ते विमान न दिसता चेपलेलं पातेलं दिसतं. समोरून उजेड टाकला तर काही कळत नाही. टेबलावरचा दिवा आडवा धरला, की सावल्या पडतात आणि सगळं उघडं होतं.

तरी पहिली बाजू फसली. ह्यांनी उत्साहात नाकापासून शेपटीपर्यंत सुरकुत्या काढल्या. नाकाचा पत्रा दोन्ही बाजूंनी वाकलेला असतो, वाटीच्या बुडासारखा, तो मुळातच ताठ. तिथे अशी वळी पडत नाही. ते सगळं पुट्टी लावून बुजवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "आईंना विचारा ना, कुठे होत्या."

हे म्हणाले, "तिला आता काय आठवणार?"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्यांना न्हाऊ घालणं, औषधं, हात धरून नेणं, ह्यात माझे दिवस जातात, आणि मनात कुठेतरी असंच होतं की ओझं आहे ते माझ्यावर. किती वर्षांत मी त्यांना गोळी घेतली का, ह्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी बसले होते ना त्यात."

आम्ही दोघंही थक्क! ह्यांनाही हे माहीत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, कंपनी सरकारकडे जायच्या आधी, मामंजींनी कसंबसं जमवून त्यांना नागपूरपर्यंत विमानाने पाठवलं होतं. तिथून पुढे कारंजाला माहेरी. वय सतरा. खिडकी पंखावर उघडलेली. "वर गेल्यावर बघते तर काय व माय, पंखाचा पत्रा थरथरतोय. रिव्हेटांच्या मधे फुगतोय न् बसतोय. मी णमोकार म्हणत डोळे मिटून घेतले ते नागपूर येईस्तोवर. परत आल्यावर तुझ्या मामंजींना म्हटलं, तुमचं विमान फाटायला आलंय. ते एवढे हसले! म्हणे, अगं, तो थरथरतो म्हणून तर तू वर राहिलीस. ताठ असता तर तुटला असता."

आणि कुशीवर कुठे होत्या? त्यांनी विमान मागितलं. अंगठ्याने दार चाचपलं, पंखामागचं, डाव्या अंगाचं. "इथून चढले. शिडीवर उभी होते तर डोळ्यासमोरच होत्या. दाराच्या मागं, शेपटाकडं. अशा." आणि बोटाने तिरकी रेघ काढली.

मग तर त्या बोलतच सुटल्या. ह्याच कंपनीत एक बाई विमान चालवायची, तिची गोष्ट मामंजींनी सांगितली होती. ती प्रेम माथुर. १९४७ मध्ये तिला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला, पण बाईला बघून प्रवासी घाबरतील म्हणून कंपन्या नाही म्हणत गेल्या. तिला घेतलं ते आमच्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने. "लोकं पत्रा थरथरला की घाबरतात, बाई दिसली की घाबरतात," सासूबाई म्हणाल्या. "विमान आपलं जातंय!"

पुढचे पंधरा दिवस ह्यांनी आईंच्या बोटाच्या रेघेवर काम केलं. वरून आधी चकचकीत काळा रंग दिला, तो वाळल्यावर चंदेरी. काळ्यावर चंदेरी दिला की धातूची खरी झाक येते, आणि लपवलेली चूकही दिसते. रंग पूर्ण वाळल्यावर एका संध्याकाळी जेवणं झाली आणि ह्यांनी विमान आईंच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी नाकापासून सुरुवात केली. गुळगुळीत. पंख. मग दार. दाराच्या मागे बोटं थांबली, पुढे गेली, परत मागे आली. उंची एवढी कमी, की मला हाताला धड कळतही नव्हती. त्यांना कळली. काही बोलल्या नाहीत, फक्त त्या जागेवर तळहात ठेवून बसून राहिल्या, तापलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतो तसा.

मग म्हणाल्या, "तुझे मामंजी म्हणायचे, ओझं उतरलं की ह्या जातात."

"सगळ्या नाही जात आई," हे म्हणाले. "फार दिवस फार ओझं पडलं, तर काही कायमच्या राहतात."

सासूबाईंनी विमानावरचा हात उचलला आणि स्वतःच्या गालावरून फिरवला. "तरीच!" म्हणाल्या, आणि तोंडाचं बोळकं पसरून हसल्या.

विमान आता त्यांच्या खोलीतच असतं, कोनाड्यात, त्यांच्या हाताला लागेल असं. सकाळी चादर बदलताना मी त्यांना खुर्चीवर बसवते आणि दोन कोपरे त्यांच्या हातात देते. त्या बसल्या बसल्या धरतात, मी ओढते. मधे तिरकी घडी पडते. पूर्वी मी ती लगेच झटकायची. आता क्षणभर तशीच राहू देते, आणि त्यांना विचारते, "आई, कारंजाला नागपूरहून मग कशा गेलात हो?"