घरात आणखी कुणाला खोकला?

पुण्यातल्या छातीविकारांच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचे कान दगा देऊ लागले आहेत. फुप्फुसाच्या तळाशी येणारे बारीक करकर आवाज, म्हणजे क्रेप्स, आता त्यांना नीट ऐकू येत नाहीत. तपासणी त्यांनी हाताखालच्या तरुण निवासी डॉक्टरवर सोपवली आणि स्वतःकडे विचारपूस ठेवली. त्यात एकच प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं छळतो आहे. क्षयाच्या रुग्णाला ‘घरात आणखी कुणाला खोकला आहे का?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘नाही.’

दाराबाहेर बायको खोकत बसलेली असते, तरी नाहीच. त्यांनी प्रश्न सुरुवातीला विचारून पाहिला, शेवटी विचारून पाहिला, नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारून पाहिला. सहकारी याला अडाणीपणा म्हणतात, आणि त्याचा त्यांना संताप येतो.

त्या ‘नाही’चं मूळ त्यांना प्लेगच्या साथीतल्या, 1897 च्या पुण्यात दिसलं. 4 फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला. प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या अमलाखाली मार्चमध्ये सोजीर घरोघर शिरले. रुग्ण सापडला की तो इस्पितळात, घरचे छावणीत, सामान जाळलेलं, जमीन खणलेली. लोकांनी आजारी माणसं लपवली. मुंबईत तर आधीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. शाळेतला इतिहास 22 जूनला, चापेकरांनी रँडवर झाडलेल्या गोळीपाशी येऊन थांबतो. डॉक्टर मात्र त्या लपवलेल्या रुग्णापाशीच अडून बसतात.

त्याच मार्चच्या 10 तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर काढलेल्या दवाखान्यात त्या शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, असं सांगतात. त्या घरानं पोर लपवलं नाही, हे डॉक्टरांना फार मोलाचं वाटतं.

क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे. ते हवंच, याबद्दल त्यांना शंका नाही. पण दारात आरोग्य कर्मचारी आला की गल्लीला कळतं. ठरलेलं लग्न मोडतं, भाड्याची खोली जाते. लपवणाऱ्याचा हिशेब चुकलेला नसतो. 2019 पासून एमबीबीएसला संवादाचे धडे आले. त्यात ही प्लेगची पानं सक्तीनं वाचायला लावावीत, असं त्यांचं ठाम मत आहे. विचारण्याआधीच सीटी स्कॅन लिहून मोकळ्या होणाऱ्यांविषयी ते जे बोलतात, ते छापण्याजोगं नाही.

आता ते खोकल्याचं नाव काढत नाहीत. रात्री कोण कुणाशेजारी झोपतं, स्वयंपाक कोण करतं, कुणाचं जेवण कमी झालंय, असं विचारतात. रुग्णाची हिस्टरी आपल्यासारखी कुणी घेत नाही, हा अभिमान त्यांनी कधी लपवलेला नाही.

गेल्या महिन्यात त्या तरुण डॉक्टरनं एका बाईला आधी सांगितलं, “नाव कळलं तरी घरी लगेच कुणी येणार नाही. कधी यायचं, ते तुम्हाला विचारूनच ठरवू.” बाई म्हणाली, “सासूबाईंना दिवाळीपासून खोकला आहे.” सरांनी सासूबाईंची थुंकी तपासायला पाठवली. सरांना आनंद झाला, आणि निवासी डॉक्टरचं ते वाक्य आपल्याला सुचलं नाही याचं वाईटही वाटलं. दोन्ही गोष्टी त्यांनी त्या तरुण डॉक्टरला सांगितल्या.