माहेरचे रक्त

१९९८ च्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला मलेरिया झाला. पणजीत तेव्हा त्याचे कोणाला नवल राहिले नव्हते. रक्तात व्हायव्हॅक्स निघाला, क्लोरोक्विनने ताप उतरला आणि मग यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. "दादा, याची लघवी बघ रे येऊन. भिरंडाच्या आगळासारखी होते."

गोव्याच्या माणसाला यापुढे रंग सांगावा लागत नाही.

मुलगा पिवळा पडला होता. गोळ्या बंद केल्या, रक्त चढवले, वाचला. त्याच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी होते. ते कमी असले की काही औषधांपुढे पेशी फुटतात. गोळी देण्याआधी करायची तपासणी कोणी केली नव्हती. असो. पण डॉक्टरांनी समजावताना सांगितले, की हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलग्याला तो आईकडूनच मिळतो. सासूबाईंनी नेमके तेवढे उचलले. "तुमच्या माहेरचे रक्त," एवढेच त्या म्हणाल्या. बहिणीने कपाटातल्या डांबराच्या गोळ्या फेकल्या (त्यांनीही पेशी फुटू शकतात), पण ते वाक्य काही तिला फेकता आले नाही.

मी बँकेतला माणूस, विज्ञानाशी संबंध वाचण्यापुरता. पुढे कधीतरी लूचो लुत्सात्तो या इटालियन संशोधकाच्या कामाबद्दल वाचले आणि ताडकन उठून बसलो. त्याआधी, १९५४ साली, अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले होते, की जिथे मलेरिया फार तिथे सिकल सेलचे जनुक जास्त, कारण एकाच पालकाकडून ते मिळालेले मूल मलेरियात तगते. जी-सिक्स-पीडीच्या दोषाबद्दलही तोच संशय होता. पण दोन माणसांची तुलना करायची म्हणजे खाणे वेगळे, घर वेगळे, चावलेले डासही वेगळे. लुत्सात्तो नायजेरियात इबादानला होते. त्यांनी तुलना केली ती एकाच बाईच्या रक्तात! स्त्रीला दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यांतला एकच चालतो. त्यामुळे एक एक्स सदोष असलेल्या बाईच्या शिरेत दोन्ही जातींच्या तांबड्या पेशी एकत्र वाहतात. डास तोच, ताप तोच. सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तर फाल्सिपॅरमचे जंतू चांगल्या पेशींत सदोष पेशींच्या दोन ते ऐंशी पट. हे १९६९ साली प्रसिद्ध झाले.

मी धावतपळत बहिणीकडे गेलो. म्हटले, बाय, हा दोष जगात टिकला तो तुझ्यासारख्या बायकांमुळे. त्या तापातून उठल्या म्हणून. जुने गोवे साथींनी ओस पडले, तिथली वस्ती पणजीला आली; अशा मुलुखात आपल्या कोणा पणजीच्या पणजीला हेच रक्त उपयोगी पडले असेल.

तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "एवढे होते तर याला मलेरिया झालाच कसा?"

प्रश्न चोख होता. इबादानचा जंतू वेगळा, याचा वेगळा. आणि ज्याच्या सगळ्याच पेशी सदोष त्या पुरुषाला हे कवच कितपत मिळते, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. जमेल तसे सांगितले. पटले का, ते तिने सांगितले नाही.

गेल्या वर्षी भाच्याला मुलगी झाली. बापाकडे देण्यासारखा एकच एक्स, म्हणजे तिच्यात तो आलाच. बारशाला बहिणीने मला कोपऱ्यात नेले. "म्हणजे ही त्या तुझ्या आफ्रिकेतल्या बायांसारखी? दोन्ही रक्तांची?" मी हो म्हटले. तिने पाकिटातून वर्ज्य औषधांची ती जुनी, घड्या पडलेली चिठ्ठी काढली आणि नातीच्या लसींच्या कार्डात सरकवून ठेवली.