मी वजन होतो

बारामती एमआयडीसीत पंक्चर काढायला थांबलो होतो. शेजारच्या फॅब्रिकेशनच्या शेडला टेकून पेरणीची एक पाभर उभी होती. सगळी लोखंडी, बी सोडायचं चाडं तेवढं लाकडी. आतून हात फिरून फिरून काळं तुळतुळीत झालेलं. पण वेळूच्या नळ्यांच्या जागी पारदर्शक पाइप, घरी पाण्याच्या फिल्टरला असतात तसले. मागच्या रस्त्यावरून पियाजिओच्या कोऱ्या तीनचाकी गाड्या ट्रकवर चढून निघाल्या होत्या.

"गव्हाला पायजे म्हणत्यात," वेल्डर म्हणाला. "रान एवढंसं. ट्रॅक्टर नुसता वळायलाच निम्मं खातोय."

"आन् पाइप?"

"बी पडतंय का ते दिसतंय की!"

आजीला हे कानानं कळायचं.

आमचं रान इंदापूरच्या अंगाला, नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या बाजूचं. 1880च्या दशकात कालवा झाला आणि एकाच गावाची दोन गावं झाली, खाली ऊस, वर शाळू. सोयरीक जुळवतानाही पाहुणे आधी रान कालव्याच्या कुठल्या अंगाला ते विचारत. जिरायतात खरं पीक शाळूचं. पण आजोबांना बन्सी गव्हाचं वेड. काळ्या रानाचा एक तुकडा ते दरसाल गव्हाला ठेवायचेच.

एका वर्षी हस्ताचा पाऊस नुसता गडगडून गेला. बारामतीजवळच्या माळेगावात पुढे 2009 साली असल्या संकटांवर राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या नावात 'अजैविक ताण' असा शब्द आहे. आजोबा "हत्ती हुकला" म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी रानात गुडघ्यावर बसून हातानं उकरलं. वरची चार बोटं फुफाटा, खाली ओल. मूठभर माती दाबली, लाडू झाला. "हाय," म्हणाले.

पाभरीच्या दिंडाला धोंडा बांधला, फण खोल गेले. आजी मागून चाड्यावर मूठ धरून चाललेली. अंगठा दाण्यांना ढकलतोय, बोटांच्या फटीतून धार सुटतेय, चाल बैलांची आणि धार आजीची. वळणावर मूठ मिटायची. नळीत ढेकूळ अडकलं की खळखळ तुटायची आणि ती "हो, हो" ओरडायची. बैल थांबायचे. तेवढं ऐकू आलं नाही तर ओळ मोकळी राहते, आणि आठ-दहा दिवसांनी सगळी वाट ती ओळ मोजत जाते.

मागं फळी. बी दडपायचं आणि उघडी पडलेली ओल झाकायची, तेही ऊन चढायच्या आत. त्या फळीवर मी. मला काम असं नव्हतंच. मी वजन होतो. दोरी धरून उकिडवा बसलेलो, दात एकमेकांवर आपटतायत, नाकात धूळ, तोंडासमोर दोन शेपट्या. त्यातली एक वर झाली की काय होणार हे माहीत असूनही उतरायची मुभा नाही. "हलू नगं, ओल उडंल!" असं आजोबा ओरडायचे, जणू ती पाखरूच होती. अर्ध्या रानात त्यांना मी हलका वाटलो. बांधावरचा धोंडा आणून शेजारी ठेवला. मग दोघं मिळून पुरे पडलो. बहिणीनं अंगणात टिकल्या फोडल्या होत्या, माझ्या केसांतून मात्र संध्याकाळपर्यंत माती गळत होती. तरीही त्या दिवसाइतका मी कुठंच उपयोगी पडलो नाही, नोकरीतसुद्धा नाही.

एवढ्या खोल पेरलेलं उगवलं कसं, हे फार पुढे कळलं. साठच्या दशकात मेक्सिकोच्या वाणांतून जे बुटके गहू आले, त्यांनी पोती भरली हे खरं. पण त्यांचा कोंबही आखूड, फार खोल पेरला तर मातीतच गुदमरतो. बन्सीसारख्या जुन्या उंच गव्हाचा कोंब लांब, ओलीच्या मागं खाली गेला तरी वर येऊ शकतो. आजोबा बुटक्या गव्हाला "पाण्याचा लाडका" म्हणायचे. कोंबाची लांबी काही त्यांनी मोजली नव्हती.

बन्सीच्या शेवया दुधात शिजूनही दाताला लागतात. हल्लीच्या शेवया चमचा लागायच्या आधीच शरण येतात, मला नाही आवडत. परवा वाण्याकडे बन्सी मागितला. त्यानं लोकवन पुढे केला.

"शेवयांना हवाय," म्हटलं.

"घरी कोण करतं आता?" असं विचारून त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाचं तेल मापायला घेतलं.