माळवद कुठंय?

लोहारा तालुक्यातल्या आमच्या माकणीत एखादी जुनी इमारत फोटोवरून ओळखायची, तर पहिली अडचण ही की ताडून बघायला जुनं फार थोडं उरलंय. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि तेरणाकाठच्या कितीतरी गावांचं रूपच पुसलं गेलं. सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं तर मूळ जागेवरून उठून दुसरीकडं वसली. माझा जन्म त्यानंतरचा. मला गाव म्हणून माहीत आहेत ते सरळ आखलेले रस्ते, पत्रे आणि स्लॅब. वाडा, ढाळज, माडी हे शब्द मी ऐकलेत, पण आत शिरून बघितलेले नाहीत. माझ्या वयाच्या सगळ्यांचं तेच.

हे आधी सांगायचं कारण एक फोटो. २०२३च्या ऑगस्टमध्ये तो गावाच्या ग्रुपवर आला. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं होत होती, १७ सप्टेंबरच्या कार्यक्रमाचं फ्लेक्स करायचं होतं, आणि कुणाच्या तरी ट्रंकेत हा फोटो सापडला होता. काळापांढरा, कडेला वाळवी लागलेला. दगडी जोत्यावरची बैठी इमारत, समोर कमानींचा व्हरांडा, त्यात पाच-सहा सैनिक, बाजूला लष्करी लॉरी. व्हरांड्याच्या कडेला तीन माणसं जमिनीवर बसलेली. एका टोकाला आभाळात उभा काळपट ठिपका. मागं सोलापूरच्या एका स्टुडिओचा अस्पष्ट शिक्का. तारीख नाही, गाव नाही.

तारीख आणि गाव ग्रुपनं दिलं. दोन दिवसांत मजकूर तयार : ‘१३ सप्टेंबर १९४८, माकणी. रझाकारांचा अड्डा लष्कराच्या ताब्यात.’ आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं की हा तर अमक्यांचा वाडा. अमके म्हणजे आमच्या गल्लीपासून चार घरं सोडून राहणारं एक मुसलमान कुटुंब. त्यांचा वाडा होता, हे खरं. तो भूकंपात पडला, हेही खरं. घरातले थोरले, ज्यांना सगळं गाव चाचा म्हणतं, ते ऐंशीच्या पुढचे. त्यांचा नातू माझ्या भावाच्या वर्गातला. त्यानं त्या रात्री ग्रुप सोडला. का सोडलास, असं कुणी विचारलं नाही.

रझाकारांनी आमच्या भागात काय केलं, हे मी नाकारत नाही. लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीची ती संघटना. तिच्या धास्तीनं गावंच्या गावं सोलापूरच्या हद्दीत पळाल्याच्या गोष्टी आमच्याकडं घरोघर आहेत, माझ्याही घरात आहेत. पण पोलीस ॲक्शननंतर जे झालं, तेही याच मातीत झालं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानभर फिरून अहवाल दिला. त्यात मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा आहे, आणि सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. तो अहवाल कितीतरी वर्षं लोकांसमोर आलाच नाही. अशा जिल्ह्यात एका घरावर ‘अड्डा’ लिहिलेलं फ्लेक्स चौकात लावायचं, तर निदान ते घर तेच आहे का, एवढं तरी बघायला हवं होतं.

फोटो मी पहिल्यांदा आजीला दाखवला. तिला त्यातलं काही कळेल म्हणून नाही, तर पुण्याहून आल्यावर मोबाईलमधलं काहीतरी दाखवत तिच्याजवळ बसायची सवय म्हणून. तिनं चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला आणि विचारलं, “आन् माळवद कुठंय?”

मला प्रश्नच कळला नाही.

“अगं छप्पर बघ की. उतरतंय. कौलं हायती. आमच्याकडं कौलं कुठली आलीत? गावात समदी माळवदं.”

ज्यांनी माळवद बघितलेलं नाही त्यांच्यासाठी : दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. वर सपाट. उन्हाळ्यात घर गार राहतं, रात्री वर झोपता येतं, वाळवण घालता येतं. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून आणखी माती टाकायची. म्हणजे दरवर्षी छताचं वजन वाढतच जाणार. भूकंपात माणसं मेली ती याच ओझ्याखाली. आजीच्या लेखी माळवद म्हणजे घर आणि तेच मरणही. तिची नजर आधी छतावर जाणार यात नवल नाही. ग्रुपवरच्या दोनशे जणांनी तो फोटो मोठा करकरून बघितला होता, पण आमच्यापैकी कुणाला छप्पर दिसलंच नव्हतं.

उतरतं कौलारू छप्पर आमच्या भागात सहसा सरकारी इमारतीला असायचं : डाकबंगला, चौकी, कचेरी. मग वाडा नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलं. पण ग्रुपवर आजीची साक्ष कोण मानणार? उत्तर आलंच : “एखाद्या श्रीमंतानं घातली असतील कौलं.”

चाचांना विचारणं मला आधी नको वाटत होतं. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर लोक म्हणणार, ते तर नाहीच म्हणणार. म्हणून ठरवलं, पुरावा असा हवा की ज्यात आमच्या गावातल्या कुणाचाच हात नाही.

तारखेपासून सुरुवात केली, कारण लष्कराच्या हालचाली नोंदवलेल्या आहेत. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचं सैन्य १३ सप्टेंबरला सोलापूरकडून आत शिरलं. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं महत्त्वाचं होतं, तो लागला, आणि दुसऱ्या शीख पलटणीनं तिथल्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सकाळी ९ वाजता रणगाडे जळकोटला, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. दुसरी तुकडी तुळजापूरवर गेली. तिथं निजामाच्या पायदळानं आणि दोनशेच्या आसपास रझाकारांनी दोन तास झुंज दिली. ही तुकडी पुढं लोहाऱ्याकडं निघाली आणि अडकली. नदीला पूर आला होता.

हे वाचताना मी मोठ्यानं हसले. सप्टेंबरात आमच्याकडं नद्या काय करतात हे वेगळं सांगायला नको, आणि तेव्हा माकणीचं धरणही नव्हतं. म्हणजे १३ तारखेला लष्कर लोहाऱ्याच्याच वाटेवर अडलेलं होतं, मग माकणीतला अड्डा घेतला कधी? अर्थात यानं फक्त मजकुरातली तारीख पडते. सैन्य नंतर कधीतरी आलं असेल. निजामाची शरणागती १७ची, जनरल अल इद्रूस यांनी चौधरींसमोर रीतसर शरण येणं १८चं. त्या आठवड्यात लॉऱ्या कुठंही गेल्या असतील.

मग पाटी. व्हरांड्याच्या मधल्या कमानीवर एक पाटी आहे आणि तिचा बराचसा भाग एका सैनिकाच्या टोपीनं झाकलाय. डाव्या टोकाला चार अक्षरं शिल्लक. उर्दू डावीकडं संपते, म्हणजे ती शब्दाची शेवटची अक्षरं. एवढं मला माहीत होतं, पुढचं नाही. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चालायच्या, त्यामुळं ती पिढी, हिंदू असो की मुसलमान, उर्दू सहज वाचायची. उमरग्याला आमच्या नात्यातले एक निवृत्त गुरुजी आहेत, नव्वदीला टेकलेले. नुसता पाटीचा तुकडा कापून त्यांना पाठवला. कुठला फोटो, कशासाठी, काही सांगितलं नाही. अर्ध्या तासात त्यांच्या नातीनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला : “गाफ, ये, रे, ये. गिरी. करोडगिरी असंल बग.”

करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. संस्थानात माल आणायचा किंवा बाहेर न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर पैसे भरायचे. सोलापूरहून कापड आणणाऱ्यांचा या नाकेदारांवर केवढा राग असायचा, हे गुरुजींनी पुढची दहा मिनिटं सांगितलं. लढ्यात हद्दीवरच्या कँपमधले कार्यकर्ते नाके जाळायचे ते उगाच नाही. आता, नाका असतो मोठ्या रस्त्यावर, हद्दीकडं. तेरणेच्या काठी आडबाजूच्या माकणीत जकात कुणाकडून घेणार?

राहिला तो आभाळातला ठिपका. ग्रुपच्या मते ती वाड्याची माडी. मी कॉन्ट्रास्ट वाढवून बघितलं तर तो इमारतीच्या बराच मागं, दूरवर होता. उंच, गोल, वरून कापल्यासारखा सपाट. त्याच्या खाली तटासारखी एक आडवी रेघ.

इथं मला स्पेनमधला एक किस्सा आठवला. रॉबर्ट कापाचा गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचा फोटो तुम्ही कुठं ना कुठं बघितला असेल. १९३६, स्पेनचं यादवी युद्ध. तो सेरो मुरियानो नावाच्या गावाजवळचा, असं कित्येक दशकं धरून चाललं होतं. होसे मानुएल सुस्पेर्रेगी या प्राध्यापकानं त्या मालिकेतल्या फोटोंमागची डोंगररेघ तेवढी घेतली आणि त्या भागातल्या गावांना पाठवून विचारलं, ही तुमची का? एस्पेखो गावातल्या एका शिक्षकानं ती वर्गात दाखवली आणि एका पोरानं लगेच ओळखली. जागा निघाली पन्नासेक किलोमीटर लांब. २००९ची गोष्ट. माणसं, गाड्या, घरं सगळं बदलतं. मागची रेघ सहसा बदलत नाही.

आमच्याकडं डोंगर नाहीत म्हणावं असेच. पण एक बुरूज आहे. नळदुर्गच्या किल्ल्यातला उपळी बुरूज लांबून दिसतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊ आणि मी मोटारसायकलवर नळदुर्गला गेलो. सगळे तिथं पाणी महालासाठी जातात. बोरीवर बांधलेला आदिलशाही बंधारा, नर-मादी धबधबे, सेल्फी. आम्ही उन्हात रस्त्याच्या कडेनं मोबाईलमध्ये फोटो धरून मागं-पुढं चालत होतो. त्याचं तंत्र सोपं आहे. बुरूज लांब आहे, तट त्याच्यापेक्षा जवळ. आपण चालायला लागलो की दोघं एकमेकांवरून सरकतात. फोटोत बुरूज तटाच्या एका वाकणाच्या बरोबर वर आहे. तो तसा फक्त एकाच रेषेवरून दिसणार. ती रेषा रस्त्याला जिथं छेदते तिथं फोटोवाला उभा असणार. आधी बुरूज डावीकडं, मग खूप उजवीकडं, मग परत मागं. शेवटी दोनेकशे पावलांचा एक पट्टा उरला. त्यात फोटोतली रेघ आणि समोरची रेघ जुळत होती. तटाची एक खाच तेवढी आता झाडानं झाकलीय.

इमारत अर्थातच नाही. सोलापूर–हैदराबाद रस्ता चौपदरी झालाय. टपरीवर चहा घेताना मालकाला फोटो दाखवला. त्यानं इमारतीकडं बघितलंच नाही, बोट थेट ठिपक्यावर ठेवलं : “उपळी बुरूज हाय की.”

सावलीचा मी उल्लेख केला नाही, कारण ती इथं उपयोगाची नाही. सप्टेंबरच्या मध्यात सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवतो नि पश्चिमेला मावळतो, त्यामुळं सावलीवरून इमारतीचं तोंड काढता येतं, पण सकाळ की संध्याकाळ हे माहीत असेल तरच. इंटरनेटवर लोक सावलीवरून वाट्टेल ते सिद्ध करतात.

मी ग्रुपवर चार चित्रं टाकली : छप्पर, पाटी, तेव्हाचा ठिपका, आताचा बुरूज. सोबत सहा ओळी. दोघांनी अंगठा दिला. एकानं विचारलं, “मग आपल्या गावाचा काहीच फोटो नाही का?” हा प्रश्न मला त्या सगळ्या भांडणातला सगळ्यात खरा वाटला. लोकांना चाचांच्या घराशी वैर नव्हतं, निदान बऱ्याच जणांना नव्हतं. इतिहासात आपलंही गाव असावं, एवढं हवं होतं. निजाम विमानतळावर सरदार पटेलांना हात जोडतोय तो फोटोसुद्धा असाच शरणागतीचा म्हणून दर सप्टेंबरला फिरतो. तो फेब्रुवारी १९४९चा, बेगमपेठचा, पाच महिन्यांनंतरचा. हात जोडलेले दिसले की शरणागती, कमानी दिसल्या की मुसलमानाचा वाडा.

फ्लेक्सवर शेवटी ध्वज आणि हुतात्मा स्मारकाचं चित्र आलं. चाचांचा नातू ग्रुपवर परत आलेला नाही.

चाचांकडं मी हे सगळं झाल्यावर गेले. त्यांनी फोटो बघितला, फार वेळ बघितला, पण इमारतीकडं नाही. व्हरांड्यात बसलेल्या तिघांवर बोट ठेवून म्हणाले, “इनको क्यूं बिठाया होगा?” मग मराठीत : “पोरी, तुला कळलं का हे कोण?” मी नाही म्हटलं. चेहरे इतके पुसट आहेत की वयसुद्धा सांगता येत नाही.

चहा झाल्यावर ते वाड्याबद्दल बोलले. तोंड उत्तरेला, दारात लिंब, आत सोळा खणांची माडी, वर माळवद. गावाची लग्नाची भांडी त्यांच्या ढाळजेत ठेवलेली असायची. “फोटो न्हाई एक बी. जे होतं ते मातीत गेलं.”

तेव्हापासून मी ग्रुपवर आणि ग्रुपबाहेर लोकांना जुने लग्नाचे अल्बम मागतेय. आतापर्यंत अकरा फोटो आले. एकात वरात आहे, घोड्यावर नवरदेव, आणि मागं एक मोठं लाकडी दार अर्धवट दिसतंय. वर लिंबाची फांदी. आजी म्हणते तोच वाडा. वरात कुठून निघाली नि कुठल्या बोळातून देवळाकडं गेली, हे तेव्हाचं कुणीतरी सांगितलं की दाराचं तोंड ठरेल. नवरदेव आता पिंपरीत असतात. त्यांना रविवारी फोन करायचाय.